नवऱ्याला डिकन व्हायचे आहे. माझ्या संमतीत नेमके काय काय येते?

प्रश्न: वसईची लेक, बोरिवली

नमस्कार. माझे माहेर वसईचे आणि सासर मुंबईचे. लग्नाला एकवीस वर्षे झाली आहेत. मुलगी बारावीत आहे आणि मुलगा आठवीत. पती एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळतात आणि दहा-बारा वर्षांपासून आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम करतात. दर आठवड्याला दोघादोघांनी गरजू कुटुंबांच्या घरी जायचे, औषधांची, शाळेच्या फीची, कधी नुसत्या तांदूळ-डाळीची सोय करायची, असे ते काम आहे. या कामाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

गेल्या नाताळाच्या आधी एका रात्री त्यांनी मला सांगितले की त्यांना डिकन, म्हणजे कॅथॉलिक ख्रिस्तसभेतील धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक, होण्याचे पाचारण जाणवते आहे. मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित पुरुषांना कायमस्वरूपी डिकनपदाची दीक्षा मिळते, हे मला ठाऊक होते. विवाहित पुरुषाच्या बाबतीत पत्नीची संमती अनिवार्य असते, हे मात्र मला त्या रात्री कळले. म्हणजे दीक्षा त्यांना मिळणार असली, तरी माझ्या होकाराशिवाय ती होऊ शकत नाही.

माझी अडचण श्रद्धेची नाही. या विषयावर जे जे वाचायला किंवा ऐकायला मिळते, त्यात "नम्र सेवा" हे दोन शब्द हमखास असतात. डोळ्यांना दिसते ते मात्र वेगळेच. डिकन वेदीजवळ उभा असतो, त्याचा झगा वेगळा, मिरवणुकीत त्याची जागा पुढे, प्रवचनाला लोक कान देऊन बसतात आणि बाहेर पडताना हात मिळवायला रांग लागते. माझ्या सासूबाईंनी तर अर्जही दिलेला नसताना शेजारी सांगून टाकले आहे की आमचा मुलगा आता अर्धा फादर होणार. आणि ज्याला मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, वेदीवरची भांडी स्वच्छ करायची आहेत, त्याने या एकवीस वर्षांत घरातली एक कपबशीही विसळलेली नाही, हेही मी इथे लिहिते, कारण नाव दिलेले नाही.

म्हणून अनुभवी वाचकांना माझा प्रश्न आहे. डिकनच्या सेवेला नम्र का म्हणतात? ते नुसते बोलण्यातले सौजन्य आहे, की त्या पदाच्या रचनेतच तसे काही आहे? पतीला खरोखर पाचारण आहे की चारचौघांत मान मिळावा अशी एक दडलेली इच्छा आहे, हे मी पत्नी म्हणून कसे ओळखावे? आणि संमती देताना मी नेमके काय कबूल करते आहे?

उत्तर १: निवृत्त धर्मशिक्षक, वसई

ताई, आपल्या प्रश्नातील कपबशी मला सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि का ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

डिकन हा शब्द ग्रीक "दियाकोनोस" वरून आला आहे. त्याचा अर्थ सेवक, आणि त्यातही पुष्कळदा जेवणाच्या वेळी वाढणारा सेवक. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण वाचलाच असेल. यरुशलेमेतील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होऊ लागली आणि कुरबूर सुरू झाली. तेव्हा बारा प्रेषितांनी सर्वांना बोलावून सात माणसे निवडायला सांगितले. मराठी बायबलमध्ये त्या कामासाठी "पंक्तिसेवा" असा शब्द आला आहे. ज्या भाषांतरकाराला तो सुचला त्याला मी मनोमन नमस्कार करतो, कारण आपल्याकडच्या माणसाला त्यातून क्षणात सगळे कळते. वाढणारा आपला असला की पंगतीत कुठेही बसले तरी चालते, असे आपण म्हणतो. तिथे नेमके हेच झाले होते. हिब्रू विधवांना वाढणारे त्यांचे होते, ग्रीक विधवांना कोणी नव्हते. आता निवडलेल्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातूनच वाढपी निवडले गेले आणि भांडार त्यांच्या हाती सोपवले गेले. त्या अध्यायात या सातांना थेट "डिकन" म्हटलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सेवेसाठी तिथे त्याच धातूचे शब्द वापरले आहेत आणि दुसऱ्या शतकातील संत इरेनियसपासून पुढची परंपरा त्यांनाच पहिले डिकन मानते.

पंगतीतला वाढपी आठवा. तो सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याकडे पाहायला कोणी आलेले नसते. कोणाच्या पानात काय संपले यावर त्याची नजर असते आणि तो स्वतः शेवटच्या पंगतीला, उरले असेल ते जेवतो. डिकनची नम्रता हा स्वभावाचा गुण नसून ती त्याच्या कामाची जागा आहे, असे मी म्हणतो ते यामुळे, आणि आपली कपबशी मला महत्त्वाची वाटली तीही यामुळेच.

रोममध्ये या कामाचे प्रमाण केवढे होते, याचा एक जुना दाखला उपलब्ध आहे. सन 251 च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद आहे: 46 धर्मगुरू, 7 डिकन आणि ख्रिस्तसभेच्या आधारावर जगणाऱ्या 1500 हून अधिक विधवा व गरजू माणसे. डिकन सातच, आणि मदतीच्या कामाचा मोठा भार त्यांच्यावर. त्यानंतर काही वर्षांतच, सन 258 मध्ये, सम्राट व्हॅलेरियनच्या छळात पोप दुसरे सिक्स्तुस मारले गेले आणि चार दिवसांनी, 10 ऑगस्टला, त्यांचे डिकन संत लॉरेन्स हुतात्मा झाले. परंपरा सांगते की ख्रिस्तसभेचा खजिना हजर करण्याचा हुकूम झाला, तेव्हा लॉरेन्स यांनी शहरातले गोरगरीब, आंधळे आणि पांगळे गोळा करून अधिकाऱ्यांसमोर उभे केले आणि हाच आमचा खजिना असे सांगितले. ही कथा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते, पण त्यातली एक गोष्ट सहसा सुटते. त्या माणसाला शहरातले गरीब कुठे राहतात हे ठाऊक होते. एरवी इतक्या थोड्या वेळात त्यांना गोळा करणे शक्यच झाले नसते.

आता आपल्या शंकेकडे येतो. सेवेच्या पदाचा मान कसा होतो, ही शंका आजची नाही. ज्याच्या हाती भांडार, त्याच्याभोवती माणसे जमतात. रोमच्या डिकनांच्या हाती पैसा होता, बिशपांचा विश्वास होता आणि संख्या थोडी असल्यामुळे रुबाबही होता. सन 325 मध्ये निकाया येथे महासभा भरली, तेव्हा तिच्या अठराव्या नियमात डिकनांना चांगलेच खडसावले आहे. काही ठिकाणी डिकन धर्मगुरूंना कम्युनियन (मिस्सातील पवित्र भाकर व द्राक्षारस) देत होते, काही जण बिशपांच्याही आधी ते घेत होते आणि धर्मगुरूंच्या पंक्तीत जाऊन बसत होते. आपण बिशपांचे सेवक आहोत हे ओळखून त्यांनी आपल्या मर्यादेत राहावे, असे महासभेने बजावले. पुढे संत जेरोम यांनीही एका पत्रात रोमच्या डिकनांच्या उद्धटपणावर कोरडे ओढले आहेत. म्हणजे आपल्या सासूबाईंना जो मोह झाला, तो तीनशे बिशपांना महासभेत बसून आवरावा लागला होता. त्यांच्यावर फार रागावू नका.

नंतरच्या शतकांत पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत हे पद आक्रसत गेले आणि धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी एवढेच उरले. तरी त्या काळातही कोणी जाणीवपूर्वक त्याच पायरीवर थांबले. असिसीचे संत फ्रान्सिस धर्मगुरू झाले नाहीत, डिकनच राहिले. सन 1223 च्या नाताळात ग्रेच्चो गावी गोठ्याच्या देखाव्यासमोर मिस्सा झाली, तेव्हा त्यांनी शुभवर्तमान गायिले ते डिकन म्हणून. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण इथे नेमके बसणार नाही, कारण ते डिकनही नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे साधे ब्रदर म्हणून दुभाष्याचे आणि धर्मशिक्षणाचे काम करता करता 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले. पण आपले माहेर वसईचे असल्यामुळे त्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

उत्तर २: डिकनची बायको, न्यू जर्सी

ताई, सरांनी इतिहास फार सुंदर सांगितला. मी स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. आम्ही मूळचे मुंबईचे, इथे स्थायिक झालो आणि माझ्या पतीला दीक्षा मिळून आता नऊ वर्षे झाली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण संमतीचा अर्थ मलाही कोणी नीट समजावला नव्हता आणि सही करण्याच्या वर्षभर आधी मी स्वतः विचारत सुटले होते. नियमाप्रमाणे विवाहित उमेदवाराचे वय किमान पस्तीस हवे आणि तयारी किमान तीन वर्षांची हवी. आमच्या इथे तर त्याहून अधिक काळ लागला आणि पुष्कळ वर्गांना आम्ही बायकाही जाऊन बसत होतो. दीक्षेच्या वेळी तो बिशपांच्या हातांत हात देऊन त्यांच्या आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. म्हणजे उद्या त्याला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले, तर रविवारी तुम्ही एका चर्चमध्ये आणि तो दुसऱ्या, असेही होऊ शकते. नोकरी करणाऱ्या डिकनने आपला आणि कुटुंबाचा खर्च आपल्या पगारातूनच भागवायचा असतो, तेव्हा या सेवेतून घरात काही येईल हा हिशेब मांडूच नका. सकाळ-संध्याकाळची नित्य प्रार्थना त्याला बांधलेली असते. आणि एक गोष्ट अशी आहे जी कोणी चहाच्या वेळी बोलत नाही: दीक्षेनंतर तुम्ही आधी गेलात, तर त्याला पुन्हा लग्न करता येत नाही. रोमकडून क्वचित सूट मिळते, पण ती गृहीत धरता येत नाही. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या एका कलमावर आम्ही दोघे तीन रात्री बोलत होतो आणि खरे सांगते, त्या तीन रात्रींनी आमच्या लग्नाचे जेवढे भले केले तेवढे आधीच्या दहा वर्षांनी केले नसेल.

आता मानाविषयी. झगा आहे, मिरवणूक आहे, हे खोटे नाही. पण तो झगा आठवड्यातून एक-दोन तास अंगावर असतो. उरलेल्या आठवड्यात काय असते, ते मी पाहिले आहे. हिवाळ्यातल्या एका रात्री साडेअकराला इस्पितळातून फोन आला. रुग्णाला तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) किंवा पापनिवेदन हवे असेल, तर डिकन ते देऊ शकत नाही, त्यासाठी धर्मगुरूच लागतात. तिथे धर्मगुरू येऊन गेले होते. त्या माणसाचे कोणी नातलग नव्हते आणि शेवटी कोणीतरी शेजारी बसावे, एवढेच परिचारिकेचे म्हणणे होते. माझा नवरा गेला, पहाटेपर्यंत बसला आणि तिथूनच कामावर गेला. चार दिवसांनी त्या माणसाच्या अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच चालवली. दफनाला तो, मी, दफनभूमीचे दोन कामगार आणि गाडीचा चालक एवढेच होतो. त्या दिवशी मी त्याचा झगा पाहिला आणि मला पहिल्यांदा वाटले की हा कोणाला दाखवण्यासाठी नाही.

पहिले वर्ष मात्र आमचे वाईट गेले, हेही सांगायला हवे. नव्या सुनेसारखा तो सगळीकडे धावत होता. कोणाचा स्नानसंस्कार, कोणाच्या लग्नाची तयारी, तुरुंगभेट, युवकांची सभा. घरी आला की गप्प. शेवटी त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनीच त्याला थांबवले आणि सांगितले की विवाह हा संस्कार तुला आधी मिळाला आहे, डिकनपद नंतर. जिथे पहिले वचन मोडते, तिथे दुसरे टिकत नाही. तेव्हापासून शुक्रवारची संध्याकाळ आमची असते.

तुम्ही विचारता पाचारण कसे ओळखावे. तो घरी कोणाचे ऐकतो, ते बघा. चर्चमध्ये तर सगळेच ऐकतात.

उत्तर ३: बाकावरचा माणूस

मी थोडे विरोधात लिहितो, रागावू नये. सरांनी प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायापर्यंत वाचली. पुढचे दोन अध्यायही वाचावेत. स्तेफनला पंगतीत वाढताना आपण एकदाही पाहत नाही. तो वादविवाद करतो, मोठे भाषण करतो आणि दगडमार सोसून मरतो. फिलिप शोमरोनात उपदेश करतो आणि गाझाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देतो. वाढप्यांची निवड झाली आणि लगेच त्यांचे उपदेशक झाले. मग पंगत कोणी वाढली, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. मला तर वाटते, विधवांनीच वाढून घेतले असेल.

माझा मुद्दा असा आहे. ताईंचे पती दहा-बारा वर्षे गरिबांच्या घरी जात आहेत. तेव्हा त्यांच्या अंगावर झगा नव्हता आणि काम चालले होते. त्यांना दीक्षा दिली की आपण एक चांगला सामान्य सेवक गमावतो आणि वेदीवर आणखी एक माणूस चढवतो. आपल्याकडे आधीच प्रत्येक गोष्टीसाठी फादरांच्या तोंडाकडे पाहण्याची सवय आहे, त्यात आता डिकनांची भर. शिवाय स्त्रियांचे काय? रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने फीबीला किंख्रिया येथील मंडळीची "दियाकोनोस" म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयोग नेमले. त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत निदान बायकोच्या सहीवर नवऱ्याला दीक्षा, या रचनेकडे थोडे हसून पाहायला हरकत नसावी.

उत्तर ४: एक धर्मगुरू

बाकावरच्या मित्राचा आक्षेप मला खरा वाटतो, म्हणून आधी एक कबुली देतो. मीही डिकन होतो. धर्मगुरुपदाच्या दीक्षेआधी किमान सहा महिने डिकन असावे लागते, तेवढेच मी होतो. ते महिने मी रेल्वे स्थानकावरच्या प्रतीक्षालयात बसल्यासारखे काढले. माझी नजर पुढच्या गाडीवर होती. गंमत म्हणजे ते डिकनपद धर्मगुरू झाल्यावर पुसले जात नाही. माझ्याही अंगावर ते आहेच, फक्त मी ते विसरतो. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पवित्र गुरुवारी रोममधील बालसुधारगृहातील कैद्यांचे पाय धुतले, तेव्हा गळ्यातला स्टोल (दीक्षितांचा कापडी पट्टा) डिकनप्रमाणे खांद्यावरून तिरपा घेतला होता. तेवढ्या एका कृतीने माझ्या विसरण्यावर बोट ठेवले.

दीक्षा कशाला, हा प्रश्न विसाव्या शतकात ज्यांनी विचारला, त्यांतले काही जण जर्मनीतील दाखाऊच्या नाझी छळछावणीत होते. तिथे दोन हजारांहून अधिक धर्मगुरू कैदेत होते. भूक, टायफस आणि भीती यांच्यामध्ये काही जर्मन धर्मगुरू आपसात असे बोलत होते, की ख्रिस्तसभा लोकांच्या रोजच्या जगण्यापासून इतकी लांब कशी गेली, आणि कारखान्यात, दुकानात, संसारात असलेली माणसे डिकन का असू नयेत. त्याच छावणीत कार्ल लाइसनर नावाचे एक तरुण डिकन होते. 1939 मध्ये त्यांना डिकनपदाची दीक्षा मिळाली, त्याच वर्षी अटक झाली आणि पाच वर्षांहून अधिक काळ ते कैदेत डिकनच राहिले. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, 17 डिसेंबर 1944 रोजी, त्याच छावणीत कैद असलेल्या एका फ्रेंच बिशपांनी त्यांना गुप्तपणे धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. त्यांनी आयुष्यात एकच मिस्सा अर्पण केली. ऑगस्ट 1945 मध्ये ते वारले. 1996 मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, ते मुख्यतः हुतात्मा म्हणून. पण मला ते आठवतात ते त्या पाच वर्षांसाठी, ज्यांत त्यांच्याजवळ वेदी नव्हती, शुभवर्तमान वाचायला व्यासपीठ नव्हते आणि तरी ते डिकन होते.

युद्धानंतर ही चर्चा जर्मनीत वाढत गेली, कार्ल रानर यांच्यासारख्या धर्मपंडितांनी तिला शास्त्रीय बैठक दिली आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने नोव्हेंबर 1964 च्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कायमस्वरूपी डिकनपद पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी केली. पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये त्याचे नियम घालून दिले. आज जगात असे डिकन पन्नास हजारांच्या आसपास आहेत, पण त्यांतले बहुतेक सगळे युरोप आणि अमेरिका या खंडांत आहेत. आशियात ते फार थोडे, म्हणूनच आपल्याकडे "अर्धा फादर" असा घोळ होतो. महासभेच्या त्याच दस्तऐवजात एक जुने वचन उद्धृत केले आहे: डिकनवर हात ठेवले जातात ते याजकपदासाठी नव्हे, तर सेवेसाठी. धर्मगुरूच्या दीक्षेत बिशपांपाठोपाठ उपस्थित धर्मगुरूही उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवतात. डिकनच्या दीक्षेत फक्त बिशप ठेवतात. 2009 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मनियमांत दुरुस्ती करून हा फरक आणखी स्पष्ट केला. तेव्हा सासूबाईंना सांगा की तो अर्धा फादर होणार नाही. तो पूर्ण डिकन होईल आणि ती वेगळी गोष्ट आहे.

ताईंनी विचारले होते की नम्रता पदाच्या रचनेत आहे का. पुढच्या वेळी मिस्सामध्ये डिकन असेल, तेव्हा शब्द बाजूला ठेवून फक्त त्याचे हात पाहा. तो वेदी मांडतो, द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालतो आणि पेला धर्मगुरूच्या हाती देतो. महास्तुतीच्या, म्हणजे धर्मगुरूच्या मुख्य प्रार्थनेच्या शेवटच्या स्तुतीच्या, वेळी तो पेला उचलून धरतो आणि गप्प राहतो, कारण ते शब्द त्याचे नाहीत. शुभवर्तमान वाचण्याआधी तो धर्मगुरूसमोर वाकून आशीर्वाद मागतो. कम्युनियननंतर बाजूच्या टेबलावर जाऊन तो भांडी स्वच्छ करतो आणि शेवटी लोकांना शांतीने घरी जायला सांगतो. सरांचा वाढपी इथे पुरता दिसतो. ज्याला मुख्य व्हायचे आहे, त्याची या कामात फार घुसमट होईल, आणि तयारीची तीन-चार वर्षे ती घुसमट दिसावी म्हणूनही असतात.

आता मित्राच्या आक्षेपाविषयी. एक सामान्य सेवक गमावण्याची भीती रास्त आहे आणि ज्या डिकनने वेदी मिळाल्यावर गरिबांची दारे सोडली, त्याच्या बाबतीत ती खरीही ठरते. पण उलटही घडते. पाच दिवस कारकुनी करणारा, बायकोबरोबर बाजारहाट करणारा, शनिवारी झोपडपट्टीतल्या आजारी माणसाकडे जाणारा जो माणूस, तोच रविवारी विश्वासूंच्या प्रार्थना मांडतो आणि शुभवर्तमान वाचतो, तेव्हा त्या आजाऱ्याची खोली वेदीपर्यंत येते. मी तिथे क्वचितच जातो, हे मला मान्य करावे लागते. दीक्षेत बिशप डिकनच्या हाती शुभवर्तमानाचा ग्रंथ देऊन सांगतात: जे वाचतोस त्यावर विश्वास ठेव, ज्यावर विश्वास ठेवतोस ते शिकव, आणि जे शिकवतोस ते आचरणात आण. तीन वाक्यांत सर्वांत लांबचा रस्ता तिसऱ्याचा आहे. स्त्रियांविषयीचा प्रश्न मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यासाठी वेगळी चर्चा उघडावी, मी जरूर भाग घेईन.

पाचारण ओळखण्याविषयी एकच सुचवतो. आपल्या पतींना विचारा, की महाधर्मप्रांताने नकार दिला तर येत्या रविवारी ते कुठे असतील. उत्तर लगेच आले आणि त्यात एखाद्या गरिबाच्या घराचा पत्ता असला, तर आपण निर्धास्त राहा. पोप फ्रान्सिस 2021 च्या जूनमध्ये रोमच्या डिकनांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भेटले, तेव्हा त्यांनी डिकनांकडून ज्या अपेक्षा मांडल्या त्यांत नम्रता पहिली होती आणि चांगला पती व पिता असणे दुसरे. त्या भेटीला बायका-मुलेही हजर होती, हे मला विशेष वाटते.

उत्तर ५: वसईची लेक, बोरिवली

सर्वांचे मनापासून आभार. सगळी उत्तरे मी छापून घेतली आणि रविवारी दुपारी पतींना वाचायला दिली. कपबशीचा उल्लेख वाचून ते आधी हसले, मग बराच वेळ बोलले नाहीत.

फादरांनी सुचवलेला प्रश्न मी विचारला. नकार आला तर येत्या रविवारी कुठे असाल, असे म्हणताच ते म्हणाले की त्या रविवारी तर चाळीतल्या आजोबांचे चष्म्याचे काम आहे, तो आणायला जायचे आहे. त्यांना प्रश्नामागचा प्रश्न कळलाच नाही, आणि मला वाटते तेच बरे झाले. न्यू जर्सीच्या ताईंनी लिहिलेल्या त्या कलमावर मात्र आम्ही अजून बोललेलो नाही. मुलीची परीक्षा संपली की बोलायचे ठरवले आहे, आणि त्या बोलण्यात मुलांनाही बसवायचे, असे त्यांचेच म्हणणे पडले. सासूबाईंना "पूर्ण डिकन" ही कल्पना फारशी रुचलेली नाही. अर्धा का होईना, फादर बरा, असे त्यांचे मत आहे.

संमतीच्या कागदावर मी सही केलेली नाही, पण तो कपाटात न ठेवता टेबलावर ठेवला आहे. रात्रीची भांडी आठवड्यातून दोन दिवस त्यांनी घासावीत, एवढीच अट मी तूर्त घातली आहे. काल पहिला दिवस होता. साबण कुठे असतो, हे त्यांना मुलाला विचारावे लागले.